पाणसळ

तांबळडेगला एका रिसॉर्टचं कुंपण बांधत होतो, जांभ्याचं.
पाहुण्यांच्या पोरांसाठी आणलेल्या सशांतली एक
कोपऱ्यात गोल गोल फिरताना दिसली.
मान अशी पिळलेली
की एक कान जमिनीला, एक आभाळाला.
मॅनेजर म्हणाला, गिऱ्हाईक घाबरतं, खाजणात टाकून ये.
सिमेंटची गोणी तीनदा झटकली,
तिच्यात घालून मोटरसायकलच्या टाकीवर ठेवली,
आणि खाजणाच्या वळणावर
गाडी वळवली नाही, एवढंच केलं.

शेवंती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही.
'मान मोडलेला जनावर घरात? ह्या काय आता नवीन?'
रात्री दोनला जाग आली तेव्हा
जुन्या लुगड्याची चुंबळ वळून
तिच्यात सशाला टेकवून बसली होती.
तीस वर्षं ह्याच चुंबळीवर
तिनं विहिरीचं पाणी पेललं,
एक थेंब सांडला नव्हता.

देवगडचा डॉक्टर म्हशींचा.
त्यानं एक पुस्तक उघडलं, मिटलं,
पुण्याला कुणाला तरी फोन लावला.
कानाच्या आत तोल असतो म्हणाला, तो गेलाय,
किंवा मेंदूत जंतू.
अठ्ठावीस दिवस औषध, एकही चुकवायचं नाही.
जगेल?
खाल्लं तर.

हरळी आणि कोथिंबीर पाट्यावर वाटायची,
फडक्यातून गाळायची,
बिनसुईच्या सिरिंजनं गालाच्या कडेनं, थेंब थेंब.
खालचा डोळा मिटत नाही, त्यात मलम.
बुबुळं डावी-उजवी पळत राहायची.
म्हणजे तिच्यापुरतं घर फिरत होतं.
माझं घर!
ज्याचा एकेक चिरा मी पाणसळ लावून बसवलाय,
बुडबुडा मधोमध आल्याशिवाय
पुढच्याला हात लावला नाही.

रापणीवरचा दाजी म्हणाला,
ह्या औषधाच्या पैशांत दोन कोंबडे आले असते.
खोटं नव्हतं ते.

अकराव्या रात्री ती लोळायला लागली,
लाटेत सापडलेल्या नारळासारखी, थांबेचना.
छातीशी घट्ट धरली.
सिमेंटनं फुटलेले माझे हात, टोचत असतील,
पण सैल सोडले की फिरायची.
तिचं काळीज माझ्या बरगड्यांवर
बारीक छिन्नी मारत होतं.
पहाटे मोहोराचा वास आत आला
तेव्हा दोघांनाही झोप लागलेली,
मी भिंतीला, ती मला टेकून.

एकोणिसाव्या दिवशी शेवंतीच्या हातातली काडी
तिनं आडव्या तोंडानं ओढून घेतली.
शेवंतीनं ओरडून मला बोलावलं,
जणू गाय व्यायली.

मान मात्र तशीच राहिली.
आता एवढीच राहील बहुतेक, डॉक्टर म्हणाला.

सांगायला लाज वाटते,
पण एकदा घरात कुणी नाहीसं बघून
मी तिच्यापुढे ओळंबा धरला.
काय बघायचं होतं, देव जाणे.
चाळीस वर्षांत त्या दोऱ्याशी कुणी वाद घातलेला नाही.
तिनं वास घेतला,
एकदा माझ्याकडे बघितलं, वरच्या डोळ्यानं,
आणि दोरा कुरतडून टाकला.
ओळंबा शेणाच्या जमिनीवर पडला, धप्प.
खड्डा अजून आहे, शेवंतीनं दोनदा सारवूनही.

संध्याकाळी तिला घेऊन बांधावर बसतो.
तिच्याशी बोलायचं तर मानही तिच्यासारखी करावी लागते.
परवा तशीच ठेवून समोर बघितलं,
समुद्राची रेघ तिरकी,
एक होडी त्या उतारावरून सावकाश वर चढत होती.
सांडत काहीच नव्हतं.

'आता तुमची मान कोणी बघूची?'
मागून शेवंती.
'सात वाजले. मलम घाला तिका.'